वाडे पडण्यापूर्वी त्यांची मापे घ्या

पावसाळा लागला की नाशिकच्या जुन्या गावठाणातील एखाद्या वाड्याची भिंत खचल्याचे वृत्त येते. वृत्त चार ओळींचे असते. महापालिकेने धोकादायक इमारत म्हणून नोटीस बजावली होती, रहिवाशांना वेळीच बाहेर काढण्यात आले, किंवा दुर्दैवाने तसे करता आले नाही, एवढेच त्यात सांगितलेले असते. पुढच्या काही आठवड्यांत सागवानी तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, नक्षीचे खांब दूरच्या एखाद्या उपाहारगृहाची शोभा वाढवतात, विटामाती भरावाला जाते आणि दोन वर्षांनी त्या जागी पाच मजली इमारत उभी राहते. या व्यवहारात कोणी गुन्हा केलेला नसतो आणि बहुतेकांची सोयच झालेली असते. तथापि एक गोष्ट कायमची नाहीशी होते आणि तिची नोंद पंचनाम्यातही होत नाही. ती म्हणजे त्या घराची आतली रचना.

घराचा दर्शनी भाग रस्त्यावरून दिसतो. त्याची छायाचित्रे कोणी ना कोणी घेतलेली असतात. आतील चौक, ओसरी, माजघर, देवघर, कोठी, बळद, माडीवरचा दिवाणखाना यांची मापे मात्र कोणाजवळही नसतात. इतिहासाच्या अभ्यासकाला दर्शनी भागापेक्षा या आतल्या भागाचेच महत्त्व अधिक वाटावे अशी स्थिती आहे. दप्तरातील कागद सावकाराने कोणाला किती कर्ज दिले ते सांगतो. पण ऋणको ओसरीवर बसत असे की बैठकीपर्यंत येत असे, ते कागद सांगत नाही. घरात धान्य भरल्याची नोंद जमाखर्चात मिळते. ते धान्य किती महिने पुरेल इतकी साठवण घरात होती, हे मात्र बळदाचे घनफळ ठाऊक असल्याखेरीज कळत नाही. धान्याच्या तेजीमंदीत कोण तग धरू शके आणि कोणाला सुगीतच माल विकावा लागे, हा आर्थिक इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. त्याचे अर्धे उत्तर मोडी कागदांत असते आणि उरलेले अर्धे भिंतींच्या पोटात. आज भिंती पडत आहेत आणि कागद रद्दीत जात आहेत.

या हानीवर पूर्ण उपाय नाही. अंशतः उपाय मात्र गेल्या दोन-तीन दशकांत हाती आला आहे, तो संगणकीय प्रतिकृतीचा. एका खोलीची शेकडो छायाचित्रे वेगवेगळ्या कोनांतून घेतली, की त्यांतील समान बिंदू जुळवून संगणक त्या खोलीची त्रिमित आकृती तयार करतो. लेसरचे उपकरण असेल तर किरण भिंतीवर आदळून परत येण्याच्या अवधीवरून लक्षावधी बिंदूंची अंतरे मोजली जातात आणि खांबाची फूग किंवा तुळईचा झोलही नोंदला जातो. ही झाली उभ्या असलेल्या वास्तूची गोष्ट. जी वास्तू पडली आहे तिच्या बाबतीत जोते, जुने नकाशे, चित्रे, खर्चाच्या याद्या आणि त्याच काळातील शिल्लक वास्तू यांच्या आधाराने आतील भाग संगणकावर पुन्हा मांडता येतो.

अशी मांडणी म्हणजे निव्वळ करमणूक नव्हे. तिला प्रश्न विचारता येतात. १६६६ च्या आगीत नष्ट झालेल्या लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथीड्रलची व त्याच्या आवाराची प्रतिकृती अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील अभ्यासकांनी तयार केली. जॉन डन या कवी-धर्मोपदेशकाचे सतराव्या शतकातील प्रवचन जमावाला कुठपर्यंत ऐकू जात असेल, हे त्यांनी तीत ध्वनीच्या हिशेबाने तपासले. नाशिकच्या वाड्यालाही असे प्रश्न विचारता येतील. नाशिकचा अक्षांश सुमारे २० अंश आहे; वर्षातील कोणत्याही दिवशी सूर्य आकाशात कुठे असतो याचे गणित पक्के आहे. चौकाची लांबी-रुंदी, सोप्याची उंची आणि खिडक्यांची मापे हाती असतील, तर पौषातल्या दुपारी बैठकीत कारकुनाला दिव्याविना किती वेळ लिहिता येत असेल, माजघरात दिवसाही अंधार असे काय, दिंडी दरवाज्यातून आत आलेल्या माणसाच्या नजरेस घरातील बायका कुठपर्यंत पडत, या गोष्टी अनुमानाऐवजी हिशेबाने सांगता येतील. घरातील स्त्रियांचे जीवन, नोकरांचा वावर, जातिभेदाने आखलेल्या मर्यादा यांविषयी आजवर जे आठवणींच्या आधारे लिहिले गेले, त्याला मापांचा आधार मिळेल.

परंतु याच ठिकाणी सावध राहण्याची गरज आहे. संगणकावरील चित्र डोळ्यांना खरे वाटते आणि त्याच्या खरेपणाचा हाच आभास संशोधनाला घातक ठरतो. शब्दांत लिहिणारा इतिहासकार 'बहुधा', 'असे दिसते', 'पुरावा नाही' असे म्हणू शकतो. चित्राला 'बहुधा' म्हणता येत नाही. खांब काढायचा म्हटले की तो कुठल्या तरी जाडीचा आणि कुठल्या तरी रंगाचा काढावाच लागतो. पुराव्याने सिद्ध झालेला खांब आणि चित्रकाराने पोकळी भरण्यासाठी उभा केलेला खांब पडद्यावर सारखेच झळाळतात.

पुण्याच्या शनिवारवाड्याचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. १७३० मध्ये बांधण्यास आरंभ झालेला हा वाडा १८२८ च्या फेब्रुवारीत आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. आज उरले आहेत ते तट, दरवाजे आणि जोती. गणपती रंगमहाल या त्यातील प्रसिद्ध दालनाची कल्पना करू जाता सर्वांत भरघोस आधार एका तैलचित्राचा मिळतो. १७९० मध्ये सवाई माधवरावांच्या दरबारात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने तह पूर्ण केला, त्या प्रसंगाचे हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातील महिरपी, खांब, बैठका पाहून कोणालाही वाटावे की दालन जसेच्या तसे समोर आले. वस्तुस्थिती अशी की ते चित्र टॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये, म्हणजे प्रसंगानंतर पंधरा वर्षांनी, इंग्लंडमध्ये पुरे केले; आणि ज्या जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून ते काढले, तो वेल्सही भारतात आला तो १७९१ मध्ये. म्हणजे दरबाराच्या दिवशी दोघांपैकी एकही तेथे हजर नव्हता. यामुळे चित्र निरुपयोगी ठरत नाही; वेल्सने पुण्यात राहून माणसे व स्थळे पाहिली होती. परंतु त्या चित्रावरून उभारलेल्या प्रतिकृतीतील प्रत्येक महिरपीखाली 'डॅनियलच्या चित्रावरून' अशी नोंद हवी, आणि जोत्यावरील खांबांच्या खुणांशी ती जुळते की नाही हेही सांगितलेले हवे. अन्यथा एका चित्रकाराची रचना पुढच्या पिढीच्या पाठ्यपुस्तकात पेशव्यांचा दिवाणखाना म्हणून स्थिर व्हायची.

ही अडचण जगातील अभ्यासकांनी ओळखली आहे. २००६ मध्ये तयार झालेली आणि २००९ मध्ये सुधारलेली 'लंडन सनद' अशा प्रतिकृतींसाठी काही नियम सुचवते. कोणता भाग प्रत्यक्ष पुराव्याचा, कोणता तर्काचा, कोणता निर्णय कशाच्या आधारे घेतला, हे प्रतिकृतीबरोबर जाहीर असले पाहिजे, हा त्यांचा गाभा. ज्ञानेश्वरीची पाठचिकित्सा करणारा संपादक ज्याप्रमाणे तळटीपेत पाठभेद देतो, त्याचप्रमाणे वास्तूच्या संपादकानेही आपले पाठभेद द्यावेत, इतकीच ही अपेक्षा आहे. मराठी संशोधनाच्या परंपरेला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

यावरून एक गोष्ट निष्पन्न होते. पडलेल्या घराची प्रतिकृती कितीही कौशल्याने केली, तरी ती तर्काच्या कुबड्यांवर उभी राहते. उभ्या घराची मापे साधी असली तरी ती पुरावा असतात. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या बाबतीत याचा प्रत्यय आला. अँड्र्यू टॅलन या कलेतिहासाच्या प्राध्यापकाने २०१० च्या सुमारास त्या चर्चचे लेसरने मोजमाप केले होते आणि दोन फ्रेंच वास्तुविशारदांनी २०१४ मध्ये छपराच्या मध्ययुगीन लाकडी सांगाड्याची हाताने मापे घेतली होती. त्या वेळी दोन्ही कामे केवळ अभ्यासासाठी होती. १५ एप्रिल २०१९ रोजी सांगाडा जळून गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले, ते याच मापांच्या आधाराने नव्याने घडवलेल्या तुळया डोक्यावर घेऊन. आगीनंतर मापे घ्यायला कोणी गेला असता, तर त्याला राखच मोजावी लागली असती.

महाराष्ट्राला हा धडा त्याहून जुना आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील त्याच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. तरीही ज्या उरल्या आणि ज्या छापून प्रसिद्ध झाल्या, त्यांच्यामुळेच भिंतीवरून त्यानंतर काय काय पुसले गेले ते आज कळते. नाशिकचेच छायाचित्रकार व संशोधक प्रसाद पवार यांनी याच चित्रांच्या छायाचित्रणाचे आणि संगणकाच्या साहाय्याने त्यांतील गळालेले भाग भरून काढण्याचे काम दीर्घकाळ चालवले आहे. म्हणजे या कामाला लागणारी चिकाटी आणि कसब नाशिकला बाहेरून आणावयाचे आहे असे नाही. लेण्यांकडे वळलेली दृष्टी गल्लीतील वाड्यांकडेही वळावी, एवढेच हवे आहे.

आक्षेप घेतले जातील, आणि ते घेतले जावेत. पहिला आक्षेप असा की पडक्या घरात माणसे राहतात. त्यांच्या जिवापुढे संशोधनाचे काय मोल? हा आक्षेप निर्विवाद आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ भाडेच इतके क्षुद्र की त्यातून छपराची कौलेही शाकारता येऊ नयेत. मालकाला दुरुस्तीत स्वारस्य नाही, भाडेकरूला हक्क सोडवत नाही, भाऊबंदांचे दावे चालू आहेत, अशा त्रांगड्यात वाडा कुजत राहतो. त्यात अडकलेल्या कुटुंबाला 'वारसा जपा' असा उपदेश करणे निष्ठुरपणाचे होईल. म्हणूनच येथे सर्व वाडे राखण्याची मागणी नाही. सराफ बाजारानजीकचा सरकारवाडा किंवा चांदवडचा होळकरांचा रंगमहाल यांच्याप्रमाणे शासनाच्या संरक्षणाखाली येणारी वास्तू विरळा. बाकीची घरे पडणार किंवा पाडली जाणार, हे गृहीत धरूनच विचार केला पाहिजे. मोजमापाने कोणाचे पुनर्वसन अडत नाही. मध्यम आकाराच्या वाड्याची छायाचित्रे व मापे घेण्यास दोन-तीन दिवस पुरतात. दावा त्याहून कितीतरी वर्षे अधिक चालतो.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. प्रतिकृती संगणकात साठवली, आता वाडा पाडण्यास हरकत नाही, असा सोयीस्कर युक्तिवाद यातून जन्म घेईल. ही भीती अनाठायी नाही. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात रस्ते, घाट व पूल यांच्या कामांवर मोठा खर्च होत आहे. अशा काळात जुन्या वस्तीकडे अडथळा म्हणून पाहण्याची वृत्ती बळावते. यावर उत्तर एकच. प्रतिकृती हा वास्तूचा मृत्युलेख नव्हे आणि मृत्यूचा परवानाही नव्हे. जी वास्तू वाचू शकते ती वाचवण्याचा निर्णय वेगळा आणि आधी व्हावा. मापे सर्वांची घ्यावीत, वाचणाऱ्यांचीही. कारण दुरुस्तीलादेखील मापेच लागतात.

तिसरा आक्षेप खर्चाचा. सुदैवाने येथे अर्थशास्त्र संशोधनाच्या बाजूचे आहे. लेसरचे उपकरण महाग असले, तरी साध्या कॅमेऱ्याने, टेपने आणि मोफत मिळणाऱ्या संगणकीय आज्ञावलींनी बरेच काम भागते. खरा खर्च माणसांच्या श्रमाचा आहे आणि नाशिकमध्ये वास्तुकलेचे शिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. तेथील विद्यार्थ्यांना मोजमापाचा अभ्यास तसाही करावाच लागतो. पाडकामाची परवानगी देताना महापालिकेने आतील मोजमापाची अट घालावी, ते काम विद्यार्थ्यांकडून विनामूल्य करून घ्यावे आणि मालकाला त्याचा एक रुपयाही भुर्दंड पडू देऊ नये. इतिहासाच्या व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्याच घरातील मोडी कागद, हिशेबाच्या वह्या, गवंडी-सुतारांची देणी यांच्या प्रती घ्याव्यात. घरातील वृद्धांना कोणती खोली कशासाठी वापरत असत ते विचारून लिहून ठेवावे. माडीला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत बाळंतिणीची खाट असे की धान्याची पोती, हे कोणतेही उपकरण सांगणार नाही. ते आजीच सांगू शकेल. खासगी कागद आणि राहत्या घरांची चित्रे कुटुंबाच्या संमतीवाचून उघड होऊ नयेत, हे ओघानेच आले.

आता उरला प्रश्न जतनाचा आणि तोच सर्वांत दुर्लक्षित आहे. कागद दोनशे वर्षे माळ्यावर पडून राहिला तरी वाचता येतो. संगणकातील नोंद वीस वर्षे दुर्लक्षिली तर ती उघडण्याचे यंत्रच सापडत नाही. इंग्लंडमध्ये १०८६ साली झालेल्या 'डोम्सडे' पाहणीच्या नवव्या शतकसांवत्सरिकानिमित्त बीबीसीने १९८६ मध्ये देशाची नवी पाहणी लेसर तबकड्यांवर साठवली. जेमतेम पंधरा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवून घेण्यासाठी तज्ज्ञांना खटाटोप करावा लागला. नऊशे वर्षांपूर्वीचे हस्तलिखित मात्र त्या वेळीही वाचता येत होते. म्हणून प्रतिकृती तयार करण्याच्या अनुदानाबरोबर ती दर काही वर्षांनी नव्या स्वरूपात उतरवून घेण्याचा निधीही हवा, आणि मापांचे नकाशे कागदावर छापून सार्वजनिक ग्रंथालयात ठेवण्याची शिस्तही हवी.

हे शहाणपण नाशिकला नवे नाही. पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्षुसंघाला लेणे देऊन तो थांबला नाही. त्याने तीन हजार कार्षापणांचा अक्षय निधी दिला. त्यांपैकी दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची व इतर गरजांची सोय व्हायची, असा करार त्याने दगडावर कोरून ठेवला. नुसती वास्तू उभारून भागत नाही, तिच्या चालू खर्चाची तरतूद उत्पन्नातून झाली पाहिजे, हे त्या काळच्या दात्याला उमगले होते. उद्घाटनाच्या फितीपुरता निधी मंजूर करणाऱ्या आजच्या योजनांनी हा लेख एकदा वाचून पाहावा.

त्याच टेकडीवर आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. लेण्यांच्या दर्शनी भागात तुळयांची टोके, कडीपाट, कठडे कोरलेले आहेत. दगडाला त्यांची काहीच गरज नव्हती. ज्या लाकडी घरांवरून कारागिरांनी ही कामे उतरवली, ती घरे केव्हाच मातीला मिळाली. त्यांचे रूप आज ठाऊक आहे ते कोणी तरी त्याची नक्कल टिकाऊ जागी करून ठेवली म्हणून. येत्या पावसाळ्यातही नाशिकमध्ये वाडे पडतील. ते पडण्यापूर्वी आत जाऊन टेप धरणारी दोन माणसे त्या घरी पोहोचली होती काय, एवढाच प्रश्न पुढच्या काळातील अभ्यासक या शहराला विचारील.